आतल्या खोलीतील संगणक आणि हॉलमधील टीव्ही: लांब एचडीएमआय केबल कशी निवडावी

संगणक आतल्या खोलीत, मोठा टीव्ही हॉलच्या भिंतीवर आणि मध्ये एक-दोन भिंती अशी मांडणी ज्या घरांत असते, तेथे सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली दीड मीटरची केबल काहीच कामाची नसते. मग दुकानात जाऊन ‘पंधरा मीटरची एचडीएमआय द्या’ असे सांगितले जाते आणि दुकानदार हाताशी असेल ते वेटोळे काढून देतो. या व्यवहारात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे या केबलमधून नेमके कोणते चित्र न्यायचे आहे. पंधरा मीटरची एखादी केबल फुल एचडी चित्र वर्षानुवर्षे बिनतक्रार पोहोचवते आणि घरात ४के टीव्ही आला की त्याच केबलवर पडदा काळा पडतो. केबल बिघडलेली नसते. तिच्याकडून चौपट काम मागितले गेलेले असते. म्हणून आधी चित्र ठरवावे, मग मार्ग मोजावा आणि त्यानंतर केबलचा प्रकार निवडावा. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा खर्च होतात.

त्याही आधी केबलची गरज तपासून पाहणे शहाणपणाचे आहे. संगणकात साठवलेले चित्रपट टीव्हीवर पाहणे एवढाच हेतू असेल, तर ते काम घरच्या वाय-फायवरून किंवा पेन ड्राइव्ह टीव्हीला लावूनही होते आणि भिंतीवर पट्ट्या ठोकाव्या लागत नाहीत. संगणकाचा पडदाच टीव्हीवर जसाच्या तसा हवा असेल, म्हणजे खेळ खेळायचे असतील, मुलांचा ऑनलाइन वर्ग मोठ्या पडद्यावर घ्यायचा असेल, छायाचित्रे किंवा हिशेबाचे मोठे तक्ते पाहायचे असतील, तर मात्र केबलला पर्याय नाही, कारण बिनतारी पद्धतीत चित्र थोडे उशिरा पोहोचते आणि माउस हलवल्यावर तो उशीर जाणवतो. यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात केबल बसवून झाल्यावर येते. चित्र हॉलमध्ये पोहोचले तरी कीबोर्ड आणि माउस आतल्या खोलीतच राहतात. बिनतारी कीबोर्डच्या लहरी दोन भिंतींपलीकडे क्षीण होतात आणि साध्या यूएसबी २.० केबलची मान्य मर्यादा ५ मीटरची आहे. तेव्हा हॉलमधून संगणक चालवायचा असेल, तर एचडीएमआयबरोबरच सिग्नल वाढवणारी, म्हणजे ॲक्टिव्ह प्रकारची लांब यूएसबी केबलही त्याच मार्गाने नेण्याची तयारी आत्ताच ठेवावी.

चित्र ठरवणे

चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारे एचडीएमआय हे मानक २००२ साली आले आणि त्यानंतर त्याची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आपल्याला त्या इतिहासातील तीन-चार आकडेच पुरतात. फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवण्यासाठी केबलमधून दर सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट माहिती जावी लागते. ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे तर सुमारे ९ गिगाबिट, आणि तेच ६० वेळा पाठवायचे तर सुमारे १८ गिगाबिट. सेकंदाला ३० वेळा ४के ही २००९ च्या १.४ आवृत्तीची मर्यादा होती. ६० वेळा ४के हे २०१३ च्या २.० आवृत्तीने शक्य केले. सेकंदाला १२० वेळा ४के चित्र हवे असेल, जे प्रामुख्याने खेळ खेळणाऱ्यांनाच हवे असते, तर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या २.१ आवृत्तीची आणि ४८ गिगाबिटपर्यंतच्या केबलची गरज पडते.

३० आणि ६० यांतील फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु संगणकाच्या बाबतीत तो मोठा आहे. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचा असल्यामुळे ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळा चित्र पाठवले तरी, तो व्यवस्थित दिसतो. पण त्याच ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत चालतो आणि पान वर-खाली सरकवताना अक्षरे तुटक दिसतात. संगणक म्हणून टीव्ही वापरायचा असेल, तर ४केचा आग्रह सोडून फुल एचडी ६० हर्ट्झवर चालवणे हे ४के ३० हर्ट्झपेक्षा पुष्कळदा सुखाचे ठरते. आठ-दहा फुटांवरच्या सोफ्यावरून ४३ इंची टीव्हीकडे पाहताना दोन्हींतील बारकाव्याचा फरक फारसा कळतही नाही. घरात ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही असेल, तर प्रश्नच मिटला. त्याच्या पडद्यावर मुळात १३६६ गुणिले ७६८ ठिपकेच असतात आणि बरी जाड तांब्याची कोणतीही केबल त्याला पुरते.

हे ठरवताना केवळ टीव्हीच्या खोक्यावरील आकडा पाहून चालत नाही, कारण साखळीत संगणकाची बाजूही असते. जुन्या लॅपटॉपपैकी अनेकांचे एचडीएमआय सॉकेट १.४ आवृत्तीचे आहे. त्यातून ४के चित्र ३० हर्ट्झच्या वर जाणारच नाही, मग केबल कितीही महागडी आणा. ज्या लॅपटॉपला एचडीएमआय सॉकेट नसून केवळ यूएसबी-सी आहे, त्याचे प्रत्येक यूएसबी-सी सॉकेट चित्र बाहेर देतेच असे नाही. सॉकेटशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे (चित्र बाहेर देणाऱ्या दोन पद्धतींची ही नावे) चिन्ह आहे का ते पाहावे, नसल्यास उत्पादकाच्या माहितीपत्रकात खात्री करावी. यूएसबी-सीला लावायचे स्वस्त अडॅप्टर बहुधा ४के ३० हर्ट्झचेच असतात आणि ते खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. डेस्कटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयमध्ये जाणारी केबल एकाच दिशेने चालते, शिवाय ती लांब घेण्यापेक्षा संगणकाजवळ छोटा अडॅप्टर लावून पुढे लांब एचडीएमआय केबल नेणे अधिक भरवशाचे असते. जुन्या संगणकावर डीव्हीआय सॉकेट असेल, तर साध्या अडॅप्टरने चित्र मिळते, कारण दोन्हींतील संकेतांची पद्धत एकच आहे. मात्र आवाज बहुधा येत नाही आणि त्यासाठी वेगळी ऑडिओ केबल न्यावी लागते. १५ पिनांचे निळे व्हीजीए सॉकेट तेवढे उरले असेल, तर लांब व्हीजीए केबल घेऊ नये. ते संकेत ॲनालॉग असतात, लांबीबरोबर अक्षरांना सावली धरते आणि आवाज त्यातून जातच नाही. संगणकाशेजारी व्हीजीएचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी डबी लावावी आणि पुढचा प्रवास एचडीएमआयने करावा.

मार्ग मोजणे

अंतर डोळ्यांनी मोजले की ते नेहमी कमी भरते. केबल हवेतून सरळ जात नाही. ती टेबलामागून खाली उतरते, भिंतीच्या कडेने धावते, दाराची चौकट चढून उतरते आणि पुन्हा टीव्हीपर्यंत वर जाते. एका नेहमीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. संगणकाच्या मागून जमिनीपर्यंत ०.७५ मीटर, तेथून दारापर्यंत ३ मीटर, चौकटीवर चढण्यासाठी २.१ मीटर, चौकटीवरून आडवे १ मीटर, उतरण्यासाठी पुन्हा २.१ मीटर, हॉलच्या भिंतीने २.५ मीटर आणि टीव्हीपर्यंत वर १.२ मीटर. बेरीज साडेबारा मीटरच्या थोडी वर जाते, जरी संगणक आणि टीव्ही यांच्यामधले सरळ अंतर पाच मीटरसुद्धा नसले तरी. सुतळी किंवा जुनी वायर या मार्गावर प्रत्यक्ष अंथरून मग टेपने मोजावी. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढता यावा आणि संगणकाची पेटी साफसफाईसाठी सरकवता यावी म्हणून दोन्ही टोकांना मिळून पाऊण ते एक मीटर जास्त धरावे.

आता हाच मार्ग दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून नेला, तर टेबलामागून भोकापर्यंत एक मीटर, भिंतीच्या जाडीचे १५ सेंटिमीटर, पलीकडे अडीच मीटर आणि वर सव्वा मीटर, म्हणजे शिलकीसह सहा मीटरच्या आत काम होते. एका भोकाने लांबी निम्म्याहून कमी झाली आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे केबलचा प्रकारच बदलला. भाड्याच्या घरात हे जमत नाही. स्वतःच्या घरात मात्र ड्रिलवाल्याला द्यायचे पैसे केबलमध्ये वाचतात. भोक विटांच्या भिंतीतच पाडावे, आरसीसीच्या खांबाला किंवा तुळईला हात लावू नये, आणि त्या ठिकाणी आतून विजेचा पाइप गेलेला नाही याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. भोक प्लगच्या मापाचे हवे, केबलच्या मापाचे नव्हे. एचडीएमआय प्लगचा धातूचा भागच सुमारे १४ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण त्याहून मोठे असते.

गरजेपेक्षा फार लांब केबल घेऊन उरलेले वेटोळे टीव्हीमागे कोंबणे हा सोपा मार्ग वाटतो. परंतु वेटोळ्यातील प्रत्येक मीटरही संकेत तितकाच क्षीण करतो, म्हणून साडेपाच मीटरच्या मार्गासाठी पंधरा मीटरची केबल घेणे म्हणजे विकतची अडचण.

तांब्याची केबल कुठपर्यंत पुरते

साध्या एचडीएमआय केबलमध्ये चित्र वाहून नेणाऱ्या पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. संकेताची वारंवारिता जितकी जास्त, तितका तो तारेत अधिक विरतो. म्हणूनच एका लांबीवर फुल एचडी चालते आणि ४के चालत नाही. एचडीएमआयच्या मानकात केबलची कमाल लांबी अशी कुठेही ठरवून दिलेली नाही, दुसऱ्या टोकाला संकेत किती स्वच्छ पोहोचला पाहिजे एवढेच ठरवले आहे. त्यामुळे पुढील आकडे हे कायदे नसून अनुभवाचे अंदाज समजावेत. चांगल्या जाड तारेची साधी केबल फुल एचडी ६० हर्ट्झ हे चित्र १० मीटरपर्यंत सहज आणि १५ मीटरपर्यंत बहुधा नेते. ४के ३० हर्ट्झसाठी सात-आठ मीटरपर्यंत निश्चिंत राहता येते. ४के ६० हर्ट्झसाठी ५ मीटर ही सुरक्षित मर्यादा मानावी, ७ मीटरवर नशिबाचा भाग सुरू होतो. ४के १२० हर्ट्झसाठी तर ३ मीटरनंतरच सावध व्हावे आणि ५ मीटरनंतर तांब्याचा विचार सोडावा.

तारेची जाडी एडब्ल्यूजी या क्रमांकात सांगितली जाते आणि येथे क्रमांक लहान तितकी तार जाड असते. ३० क्रमांकाच्या तारेचा व्यास सुमारे ०.२५ मिलिमीटर, तर २४ क्रमांकाच्या तारेचा सुमारे ०.५ मिलिमीटर असतो. ३ मीटरपर्यंत ३० किंवा २८ क्रमांक चालतो. दहा मीटर किंवा त्यापुढच्या साध्या केबलला २६ अथवा २४ क्रमांकच असावा. पंधरा मीटरची केबल बोटाला अगदी बारीक आणि लवचिक लागत असेल आणि ती ॲक्टिव्ह किंवा ऑप्टिकल असल्याचे खोक्यावर कुठेच म्हटलेले नसेल, तर ती परत ठेवावी. तारेचा धातूही विचारावा. काही स्वस्त केबलांत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो, त्याला सीसीए म्हणतात. अशी तार वाकवताना लवकर तुटते आणि तिचा रोधही शुद्ध तांब्याहून अधिक असतो.

अंतर या मर्यादांपेक्षा जास्त असेल, तर तीन मार्ग उरतात. पहिला ॲक्टिव्ह तांब्याच्या केबलचा. तिच्या टीव्हीकडच्या प्लगमध्ये एक छोटी चिप बसवलेली असते, ती क्षीण झालेला संकेत सावरते आणि त्यासाठी लागणारी वीज एचडीएमआय सॉकेटमधील ५ व्होल्टच्या पिनमधूनच घेते. अशी केबल एका दिशेनेच चालते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ असे छापलेले असते. उलटी जोडली तर चित्र येत नाही आणि माणूस केबललाच दोष देत बसतो. काही लॅपटॉपांचे आणि अडॅप्टरांचे सॉकेट त्या पिनवर पुरेशी वीज देत नाही, त्यामुळे आपल्याच संगणकावर ती चालते का हे पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

दुसरा मार्ग ऑप्टिकल केबलचा, आणि ४के ६० हर्ट्झ दहा मीटरच्या पलीकडे न्यायचे असेल तर माझा कौल बिनदिक्कत याच मार्गाला आहे. हिच्यात चित्राचे संकेत प्लगमधील लेझरद्वारे काचेच्या तंतूंतून जातात, म्हणून वीस-तीस मीटरवरही ते विरत नाहीत. टीव्ही आणि संगणक यांच्यातील किरकोळ संवादासाठी बारीक तांब्याच्या तारा सोबत असतातच. केबल बोरूइतकी बारीक असते, दारामागून सहज जाते. किंमत तांब्याच्या केबलच्या कित्येक पट असू शकते आणि हिलाही दिशा असते. काटकोनात घडी पडली किंवा खुर्चीचा पाय वरून गेला तर तंतू तुटतो आणि घरी तो दुरुस्त होत नाही. सोसायटीच्या सभागृहात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, जिथे केबल रोज गुंडाळली जाते आणि पंधरा जण तिच्यावरून ये-जा करतात, तिथे ऑप्टिकल केबल घेणे चुकीचे. तेथे फुल एचडीवर समाधान मानून जाड तांब्याची केबलच वापरावी आणि ती जमिनीला टेपने चिकटवावी.

तिसरा मार्ग नेटवर्कच्या कॅट-६ वायरवरून चित्र नेण्याचा. संगणकाजवळ एक डबी, टीव्हीमागे दुसरी डबी आणि मध्ये एकच कॅट-६ वायर. एचडीबेसटी या पद्धतीने १०० मीटरपर्यंत चित्र नेता येते. घरगुती स्वस्त संच मात्र बहुधा फुल एचडीपुरतेच असतात आणि अंतराचे त्यांचे दावे उदार असतात. या मार्गाचा खरा फायदा असा की कॅट-६ वायर प्लगशिवाय पाइपमधून ओढता येते आणि टोके नंतर लावता येतात. ज्या घरात कन्सील्ड पाइप २० मिलिमीटरचा आहे, वळणे दोन-तीन आहेत आणि एचडीएमआयचा प्लग त्यातून जाणे अशक्य आहे, तेथे हा एकच मार्ग राहतो. वायर भरीव शुद्ध तांब्याची घ्यावी आणि ती एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत थेट न्यावी. एचडीबेसटीची वायर घरातील राउटरला किंवा नेटवर्क स्विचला जोडायची नसते.

दोन छोट्या केबल जोडणीच्या तुकड्याने जोडून लांबी वाढवणे हा चौथा मार्ग अनेक दुकानांत सुचवला जातो. प्रत्येक सांध्यात संकेत आणखी थोडा खराब होतो आणि सांधा भिंतीत किंवा पट्टीत दडलेला असला की बिघाड शोधणे जिकिरीचे होते. नाइलाज असेल तर सांधा उघड्यावर, हात पोहोचेल अशा जागी ठेवावा.

खोके वाचणे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उभे राहिले, की एकाच लांबीच्या केबलचे डझनभर प्रकार समोर येतात आणि बहुतेकांवर ‘२.०’ किंवा ‘२.१’ असा आकडा ठळक छापलेला असतो. आवृत्तीचा क्रमांक उपकरणाला असतो, केबलला नव्हे. केबलचे वर्ग क्षमतेनुसार पडतात आणि एचडीएमआयच्या परवाना संस्थेच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा क्रमांक छापायचाही नसतो. पाहायचे असते ते वर्गाचे नाव. ‘हाय स्पीड’ हा वर्ग सुमारे १० गिगाबिटपर्यंतचा, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिटचा आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटचा. शेवटच्या दोन्ही वर्गांच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेले चिकटपत्र असते. परवाना संस्थेचे अधिकृत ॲप मोबाइलवर घेऊन तो कोड दुकानातच वाचावा आणि समोर येणारी माहिती हातातील खोक्याशी जुळवावी. नुसते ‘अल्ट्रा’ किंवा ‘८के’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि चिकटपत्राचा पत्ता नाही, असे खोके असेल तर त्यावरील दाव्याला काही आधार नाही असेच समजावे. तांब्याच्या साध्या केबलवर १५ मीटर आणि ४८ गिगाबिट या दोन गोष्टी एकत्र छापलेल्या दिसल्या, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

सोन्याचा मुलामा, नायलॉनची वीण, प्लगचे धातूचे कवच यांपैकी कशानेही चित्राचा दर्जा सुधारत नाही. मुलामा गंज रोखतो, म्हणून कोकण किंवा गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत त्याचा थोडा उपयोग आहे. वीण असलेली केबल ओढताना कमी खरचटते. रंग अधिक गडद दिसतील असा दावा मात्र थेट खोटा. डिजिटल संकेत पोहोचतो तेव्हा चित्र पूर्ण पोहोचते, आणि पोहोचत नाही तेव्हा चित्रात पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. महाग केबलने आकाश अधिक निळे होत नाही.

लांब केबल घेताना परत करण्याची किंवा बदलून देण्याची अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. दुकानातल्या टीव्हीवर ती चालली याला फारसा अर्थ नाही, कारण दुकानातील संगणक, सॉकेट आणि टीव्ही तुमचे नसतात.

जोडणी आणि चाचणी

केबल पट्टीत किंवा पाइपमध्ये घालण्याआधी जमिनीवर मोकळी पसरून तिची परीक्षा घ्यावी. जोडताना संगणक आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवावेत, तेही केवळ रिमोटने नव्हे तर भिंतीवरील बटणाने. हा सोपस्कार वाटतो, परंतु त्यामागे कारण आहे. टीव्हीचा प्लग बहुधा दोन पिनांचा असतो आणि संगणकाच्या सॉकेटचे अर्थिंग जुन्या इमारतींत अनेकदा नावापुरतेच असते. अर्थिंग नसल्यास संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फिल्टरमुळे त्याच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब येऊ शकतो. प्रवाह अगदी कमी असल्याने माणसाला हाताला झिणझिण्या येण्यापलीकडे काही होत नाही, पण प्लग घुसवतानाची ठिणगी एचडीएमआय सॉकेटमागची चिप जाळू शकते. टीव्हीला केबलवाल्याची किंवा छतावरील डिशची वायर जोडलेली असेल तर धोका वाढतो, कारण ती वायर इमारतीतील आणखी कुठल्या तरी धातूशी जोडलेली असते. म्हणून आधी ती वायर काढावी, एचडीएमआय दोन्ही टोकांना जोडावी, मग ती वायर पुन्हा लावावी आणि सर्वांत शेवटी वीज चालू करावी. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर केबलची खरेदी पुढे ढकलून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. ऑप्टिकल केबल घेतली म्हणून हा धोका टळत नाही, तिच्यातही तांब्याच्या तारा असतात.

टीव्हीच्या सर्व एचडीएमआय सॉकेटांची क्षमता सारखी असेलच असे नाही; ज्याच्याशेजारी ४के ६० हर्ट्झ किंवा तत्सम खूण छापलेली असेल ते निवडावे. शिवाय बऱ्याच टीव्हींमध्ये पूर्ण क्षमता सेटिंगमधून चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये ती ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ आणि सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावांनी सापडते. हे बंद असल्यामुळे ३० हर्ट्झवर अडकलेले चित्र पाहून केबल परत केल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. त्या सॉकेटला टीव्हीच्या यादीत ‘पीसी’ असे नाव दिले की पुष्कळ टीव्ही चित्राच्या कडा कापणे थांबवतात आणि अक्षरे स्वच्छ दाखवतात.

यानंतर विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या आणि हर्ट्झचा आकडा स्वतः निवडावा, आपोआप आलेल्या आकड्यावर विसंबू नये. ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्हीची निवडही हातानेच करावी लागते. मग संपूर्ण संध्याकाळ तसेच चालू द्यावे, मध्ये टीव्ही दोन-चार वेळा बंद-चालू करावा, संगणक झोपवून जागा करावा, फ्रिजचा आणि पंख्याचा स्विच दाबून पाहावा. केबल मर्यादेच्या काठावर असेल तर ती नेमकी अशा वेळी उघडी पडते. ठिपके चमकले किंवा पडदा काळा झाला, तर एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारी पद्धत) बंद करून पाहावे, नंतर ६० हर्ट्झ कायम ठेवून रंगाची पद्धत ४:२:० करावी. तिच्यात माहितीचे प्रमाण निम्मे होते, चित्रपटात फरक जाणवत नाही, रंगीत अक्षरांच्या कडा मात्र थोड्या पुसट होतात. तेही पटले नाही तर केबल बदलावी. जी केबल जमिनीवर मोकळी असताना अडखळते, ती भिंतीत गेल्यावर सुधारत नाही.

भिंतीवर आणि भिंतीत

भिंतीवरून नेताना केसिंग पट्टी केबलपेक्षा थोडी रुंद घ्यावी आणि कोपऱ्यात केबल काटकोनात न मोडता गोलाईने वळवावी. विजेच्या वायरींच्या पट्टीत किंवा पाइपमध्ये एचडीएमआय केबल घालू नये. आवरण झिजले तर २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या सॉकेटपर्यंत पोहोचतात. दोन पट्ट्यांत वीतभर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मागे सरळ प्लगला जागा मिळत नाही आणि जाड केबलच्या वजनाने सॉकेट सैल होते. अशा वेळी काटकोनी टोकाची केबल किंवा छोटा काटकोनी तुकडा घ्यावा, मात्र तो वर वळतो की खाली हे टीव्हीच्या सॉकेटकडे पाहूनच ठरवावे.

घराचे नूतनीकरण चालू असेल आणि प्लास्टर अजून व्हायचे असेल, तर एचडीएमआयसाठी वेगळा, किमान ४० मिलिमीटरचा पाइप टाकून घ्यावा आणि वळणांना तीव्र एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचे बेंड वापरायला सांगावे. केबल आज कितीही उत्तम घेतली तरी पाच-सात वर्षांत टीव्ही बदलतो आणि त्याची मागणी वाढते, त्यामुळे केबल भिंतीत लिंपून टाकण्यापेक्षा ती काढता-घालता येईल असा पाइप असणे महत्त्वाचे. ओढताना दोरी प्लगला न बांधता केबलच्या अंगाला बांधावी, प्लगवर टोपण आणि टेप गुंडाळावी, दिशा असलेल्या केबलचे ‘सोर्स’ टोक संगणकाच्या बाजूला राहील हे ओढण्यापूर्वीच पाहावे, आणि केबलबरोबरच एक जादा नायलॉन दोरीही आरपार ओढून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी, म्हणजे पुढची केबल किंवा ती यूएसबी वायर नेताना भिंत फोडावी लागणार नाही.